कोकणात लग्नाची फोटोग्राफी सुरू करताय? आधी गणपतीची तारीख बघा

कुडाळपासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यात आज लग्नाचे फोटो काढणारे किती जण आहेत ते मोजायला बसलो तर हातापायाची बोटं पुरणार नाहीत. प्रत्येक वाडीत एक तरी कॅमेरावाला आहे, वर कोल्हापूरचे येतात, गोव्याचे येतात, आणि नवरा मुंबईचा असेल तर तो तिकडूनच टीम घेऊन उतरतो. मी नऊ वर्षांपूर्वी यात पडलो तेव्हा पण सगळे हेच म्हणायचे की आता काय राहिलंय ह्यात. पहिली दोन वर्षं मी फक्त रेट पाडत होतो, 8,000 मध्ये दोन दिवस, व्हिडिओ फुकट, आणि तरी लोक बाकी ठेवायचे.

मग एक गोष्ट डोक्यात शिरली. आपल्याकडे लग्न होतं मे महिन्यात, पाहुणे आठवड्याभरात पांगतात, चाकरमानी परत जातात, आणि तेच सगळे पुन्हा एका छपराखाली येतात ते गणपतीत. त्या दिवसांत ज्या घरात नवीन अल्बम टेबलावर असतो तिथे आरतीला आलेली अख्खी वाडी तो चाळते. कोणीतरी काकू विचारतेच, "ह्यो फोटो कोणी काढल्यान गो?" आणि त्याच ओटीवर पुढच्या लग्नाचा फोटोवाला ठरतो. मे मधल्या लग्नाचा अल्बम तुम्ही दिवाळीला दिलात तर फोटो कितीही भारी असू देत, दाखवायचे कोणाला? म्हणून खाली जे सांगतोय ते सगळं गणपतीवरून मागे मोजत आलेलं आहे.

1. पहिला सीझन दुसऱ्याच्या हाताखाली काढा

स्वतःच्या नावाचं पेज, लोगो, व्हिजिटिंग कार्ड हे सगळं नंतर. आधी एखाद्या जुन्या फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून जा, लाईट धरा, बॅगा उचला, मग सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीचा दुसरा कॅमेरावाला, व्हा. कॅमेरा यूट्यूबवर शिकता येतो पण भटजी कधी अंतरपाट काढणार, लाजाहोमाला नवरीचा भाऊ कुठे उभा राहणार, कानपिळीला मेव्हणा कुठून येणार हे दहा-बारा लग्नं उभ्याने काढल्याशिवाय कळत नाही. आणि आपल्या पट्ट्यात एक प्रकारचं लग्न नसतं. रायगडकडे आगरी-कोळ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम, धवला गाणाऱ्या बाया असतात, रात्रभर नाच. रत्नागिरीकडे निकाह असतो, तिथे बायकांच्या बाजूला कोण जाणार हे आधी विचारायचं, शक्यतो मुलगी फोटोग्राफर लागते. वेंगुर्ला-सावंतवाडीत ख्रिश्चन लग्नाच्या आदल्या दिवशी रोस असतो, नारळाचा रस अंगावर ओततात, तिथे कॅमेरा झाकून न्या.

दुसरा फायदा असा की ह्या धंद्यात बाकीचे फोटोग्राफर तुमचे शत्रू नसतात. दाट तिथी असते तेव्हा एकाच दिवशी तालुक्यात इतकी लग्नं असतात की सगळ्यांची डायरी भरलेली असते, आणि मग ज्याला जमत नाही तो विश्वासातल्या माणसाचं नाव सांगतो. माझी पहिली सहा-सात चांगली कामं अशीच आली.

2. कॅलेंडर घेऊन बसा

तुळशीची लग्नं लागली की सीझन उघडतो, पौषात थांबतो, माघ-फाल्गुनात चालतो आणि एप्रिल-मेमध्ये धो धो. मेमध्ये शाळांना सुट्टी, मुंबईकर गावाला, आंबे घरात, त्यामुळे सगळ्यांना तेव्हाच लग्न करायचं असतं. मग पाऊस आणि चातुर्मास. म्हणजे वर्षाचे कमवायचे दिवस मोजके, आणि पंचांगाने एक महिना उचलला की गणित कोलमडतं. 2026 चंच बघा, अधिक ज्येष्ठ 17 मेपासून 15 जूनपर्यंत, त्यात मुहूर्त नाहीत. नवीन कॅमेऱ्याचा हप्ता घेण्याआधी पुढच्या वर्षाचं पंचांग बघा, मी बघितलं नव्हतं.

रिकाम्या महिन्यात बारशी, मुंजी, साठी-पंचाहत्तरी, होमस्टेवाल्यांचे फोटो, शाळांचे ग्रुप फोटो घ्या. लाज बाळगू नका.

3. सामान

पहिल्या वर्षी सगळं विकत घेऊ नका, दुसरी बॉडी (लेन्स सोडून नुसता कॅमेरा) आणि महागाची लेन्स भाड्याने मिळते. पण एवढं तरी स्वतःचं हवं:

- दोन कार्ड स्लॉटवाली बॉडी (हे सगळ्यात महत्त्वाचं, एक कार्ड बिघडलं तरी फोटो दुसऱ्यावर राहतात; मेगापिक्सेल 24 पुष्कळ झाले)
- 24-70 मिमीची एफ 2.8 लेन्स आणि एक 85 किंवा 50 मिमीची एफ 1.8 (एफचा आकडा लहान तितकी कमी उजेडात चालते)
- दोन फ्लॅश, चार जोड बॅटऱ्या
- चार्जिंगवरची एक एलईडी लाईट, विजेवर चालणारी नको
- 64 जीबीची किमान सहा कार्डं, दोन हार्डडिस्क
- पांढरी चादर. हसू नका, पुढे सांगतो

आता कोकणातला खरा शत्रू, दमट हवा. जून ते सप्टेंबर सामान पडून असतं आणि नेमकं तेव्हाच लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. माझी पहिली 85 ची लेन्स मी पावसाळाभर कापडी बॅगेत घालून लाकडी कपाटात ठेवली, तुळशीच्या लग्नाच्या वेळेला काढली तर समोरच्या काचेच्या मागे जाळं. साफ करून मिळते पण काचेवरचा थर खाल्लेला असेल तर तो डाग जात नाही. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घेता आलं तर उत्तम, नाहीतर रबरची कड असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मोजणारा काटा, आणि तो 40 ते 50 टक्क्यांत राहील असं बघा. निळी सिलिका गुलाबी झाली की मंद आचेवर कढईत गरम करायची, परत निळी होते. कढई मात्र जेवणाची वापरू नका, घरच्यांच्या शिव्या मी खाल्ल्यात, शिवाय ते पोटात जाणं बरं नाही. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायचा सल्ला कोण देईल, त्याचं ऐकू नका, धूळ आत जाते.

आणि मे महिन्यात एसी रूममधून थेट मांडवात कॅमेरा नेला की काच धुक्याने भरते. नवरीचं आवरणं एसीत चालू असतं आणि बाहेर वरात येते, तेव्हा हे हमखास होतं. एक बॉडी अर्धा तास आधीच बाहेर ठेवून द्या.

4. कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे पण एका दिवसात होतं.

- पॅन आणि आधार, मोबाईल नंबर लिंक असलेला
- उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून): सरकारी पोर्टलवर फुकट होते. तशाच दिसणाऱ्या खाजगी वेबसाईट हजार-दोन हजार उकळतात, त्यात फसू नका
- गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी): महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याप्रमाणे वीसपेक्षा कमी माणसं असतील तर (2025 च्या बदलाआधी दहापेक्षा कमी) नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची
- धंद्याच्या नावाने चालू खातं
- जीएसटी: सेवेच्या धंद्याला वर्षाला 20 लाखांच्या वर उलाढाल गेली की लागतो, पहिल्या वर्षी बहुतेकांना लागत नाही

कर्ज हवंच असेल तर बँकेत सरकारची मुद्रा योजना विचारा, त्यातल्या शिशु गटात 50,000 पर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत, तारण लागत नाही. बँकवाला कोटेशन मागेल, ते दुकानातून आधीच घेऊन जा नाहीतर चार फेऱ्या होतात.

5. रेट वहीत काढा, शेजारच्याचा बघून नको

माझी चूक हीच होती. आता माझं एक साधं पॅकेज सांगतो, हळद आणि लग्न, दोन दिवस, 45,000. सेकंड शूटर 4,000 प्रमाणे दोन दिवसांचे 8,000. व्हिडिओवाला 6,000 प्रमाणे 12,000. अल्बम 7,000. व्हिडिओचं एडिटिंग 5,000. पेट्रोल, टोल, चहापाणी 2,500. झाले 34,500, उरले साडेदहा हजार. आता त्यातून कॅमेऱ्याची झीज काढा. माझ्या बॉडीचं शटर दोन लाख क्लिकचं आहे, एका लग्नाला 2,500 क्लिक होतात, म्हणजे 80 लग्नं. बॉडी दीड लाखाची धरली तर प्रत्येक लग्नामागे 1,875 रुपये तिथेच गेले. उरलेल्या साडेआठ हजारांत तुमचे दोन दिवस उभं राहणं, आठवडाभर फोटो निवडणं आणि अल्बम डिझाइन. हे वहीत लिहिलं तेव्हा मला कळलं की 8,000 मध्ये मी लोकांची लग्नं खिशातून पैसे घालून काढत होतो.

कोणी म्हणालं की अमका वीस हजारात करतो तर वाद घालू नका. काय कमी करता येईल ते सांगा, व्हिडिओ काढा, अल्बमची पानं कमी करा, पण तेच काम कमी पैशात नको.

6. दोन पानी करार, मराठीत

"आपल्याच माणसांकडे कसला करार" असं सगळे म्हणतात. लिहाच. तारखा, वेळ, किती माणसं येणार, काय देणार, कधी देणार, पैसे कसे. मी बुकिंगला 30 टक्के, लग्नाच्या आदल्या दिवशी 50 टक्के आणि अल्बम देताना 20 टक्के घेतो. मोठी रक्कम अल्बमवर ठेवलीत तर फसाल, लग्न झाल्यावर मांडववाला आणि केटरर दारात उभे असतात, तुमचा नंबर शेवटचा.

आणखी एक कलम जे मी ठेच लागून टाकलं. हळदीचा एक सुंदर फोटो मी इन्स्टावर टाकला, न विचारता, दुसऱ्या दिवशी मुलीच्या सासऱ्यांचा फोन. मला वाटायचं की फोटो मी काढला म्हणजे माझा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 वाचलं तर उलट निघालं, पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते सांगणारा असतो. तर आता करारात एक ओळ आहे, जाहिरातीसाठी फोटो वापरायला परवानगी आहे की नाही, आणि तिथे सही नवरीची पण घेतो, फक्त बापाची नाही.

7. लग्नाच्या चार दिवस आधी घरी जाऊन या

अर्धा तास पुरतो. मांडव कुठे घालणार, घर कौलारू आहे का, माजघरात देवक बसणार तर तिथे उजेड किती. चिऱ्याच्या लाल भिंतींवर फ्लॅश मारला की सगळे चेहरे लाल येतात, आणि अंगणात निळी ताडपत्री घातली असेल तर दुपारी अख्खं वऱ्हाड आजारी असल्यासारखं निळं दिसतं. इथे ती पांढरी चादर कामाला येते, भिंतीवर टांगा आणि फ्लॅश तिच्यावर मारा. ताडपत्रीच्या खालून नवरा-नवरीला मांडवाच्या कडेला आणा, जिथे खरा उजेड येतो.

त्याच फेरीत घरातल्या एका जाणत्या माणसाबरोबर बसून मानाच्या फोटोंची यादी करा. मामा, आत्या, थोरले काका, गावचे मानकरी, मुंबईहून येणारी मावशी. ही यादी म्हणजे तुमचा विमा आहे. एका लग्नात माझे कँडिड (नकळत टिपलेले) फोटो सगळ्यांना आवडले पण नवऱ्याची थोरली आत्या एकाही फोटोत धड नव्हती, आणि त्या घरातून मला नंतर कधी फोन आला नाही. भावकीतून पण नाही.

8. लग्नाच्या दिवशी

भटजींना आधी भेटा, नमस्कार करा, आणि सरळ विचारा की अंतरपाटाच्या वेळेला मी कुठे उभा राहू. निम्मी भांडणं इथेच मिटतात. देवळात असेल तर गुरवाला विचारल्याशिवाय गाभाऱ्याकडे लेन्स रोखू नका.

लाईट जाणार हे धरूनच चाला. माझ्या तिसऱ्या की चौथ्या लग्नात "शुभमंगल सावधान"लाच लाईट गेली, जनरेटर चालू व्हायला दोन मिनिटं, आणि माझी व्हिडिओ लाईट भिंतीतल्या प्लगवर. लोकांनी मोबाईलच्या टॉर्च लावल्या म्हणून वाचलो. तेव्हापासून बॅटरीवरची लाईट स्टँडवर चालू करूनच ठेवतो.

हॉलमधल्या एलईडीमुळे फोटोत आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंदावर आणा, बहुतेक वेळा जातात. डीजेच्या जांभळ्या लायटा चेहऱ्यावर नकोत हे डीजेवाल्याला गोडीत सांगा, विधी होईपर्यंत तो बंद ठेवतो.

जेवून घ्या. पंगत उठायच्या आधी आलटून पालटून दोघं दोघं बसा. उपाशी फोटोग्राफर पाठवणीला वाकडे फोटो काढतो.

9. समुद्र, किल्ले आणि ड्रोन

प्री-वेडिंगला सगळ्यांना तारकर्ली, भोगवे, गणपतीपुळे, आरे-वारे हवं असतं. आपला किनारा पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळी ऊन समोरून येतं, जोडप्याला समुद्राकडे पाठ करून उभं केलं की चेहरे काळे, फ्लॅश लागणारच. भरतीची वेळ बघा, ती रोज साधारण पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा वाळूच उरत नाही. मच्छीमाराला विचारा, तो ॲपपेक्षा बरोबर सांगतो. परत आल्यावर लगेच ओलसर फडक्याने कॅमेरा पुसा, मीठ बसलं की बटणं चिकटतात.

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग हे पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले आहेत, ट्रायपॉड, लायटा आणि कपडेपट घेऊन जायचं तर आधी लेखी परवानगी घ्या, नाहीतर होडीचे पैसे फुकट.

ड्रोनबद्दल गावात कोण विचारत नाही म्हणून लोक बिनधास्त उडवतात. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर पायलट सर्टिफिकेट लागतं आणि ड्रोनची नोंदणी लागते. विमानतळाच्या आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाहीच. चिपी विमानतळ 2021 मध्ये सुरू झाल्यापासून परुळे, भोगवे, देवबाग बाजूला झोनचा नकाशा (ड्रोन कुठे चालतो, कुठे नाही ते दाखवणारा) बघितल्याशिवाय ड्रोन पिशवीतून काढू नका, रत्नागिरी शहरात पण कोस्ट गार्डचं विमानतळ आहे. नवीन असाल तर सर्टिफिकेटवाला माणूस दिवसावर बोलवा. आणि सकाळी उडवा, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो.

10. रात्री झोपायच्या आधी

कितीही दमलात तरी त्याच रात्री दोन हार्डडिस्कवर कॉपी. 2,500 रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या मूळ, मोठ्या फाइल) म्हणजे साठ-पासष्ट जीबी, आणि 100 एमबीपीएसचा फोर-के व्हिडिओ तासाला 45 जीबी खातो, म्हणजे कॉपी व्हायला वेळ लागतो, लावून अंघोळीला जा. एक डिस्क घरी, दुसरी वेगळ्या घरी. दोन्ही डिस्कवरची कॉपी उघडून बघितल्याशिवाय कार्डं पुसू नका, म्हणूनच ती सहा सांगितली.

11. निवड, इथेच सगळे अडकतात

अल्बम उशिरा होतो तो तुमच्यामुळे कमी आणि निवडीमुळे जास्त. जोडपं आठ दिवसांत मुंबईला जातं, फोटो निवडायचे राहतात, सासूला तिच्या माहेरचे हवेत, सुनेला मैत्रिणींचे, आणि जुलैमध्ये फोन येतो, "रे, आमचो अल्बम खंय?"

मी असं करतो. सगळे फोटो पाठवत नाही, आधी स्वतः 400 पर्यंत आणतो. त्यावर मोठे नंबर टाकून छोट्या फाइल पाठवतो, आणि निवडायला एकच माणूस ठरवून घेतो, त्याचं नाव करारात असतं. 20 दिवसांत नंबर आले नाहीत तर मी निवडणार, हे पण करारात. खरंच निवडायची वेळ फार कमी आली, तारीख लिहिलेली असली की लोक करतात.

आता मागे मोजा. 2026 चे गणपती 14 सप्टेंबरला. प्रिंटिंगला दोन आठवडे, पावसात कुरियर रखडतं त्याचा एक आठवडा, चुकून पान खराब आलं तर परत करायला आणखी एक. म्हणजे 10 ते 15 ऑगस्टच्या आत फाइल लॅबला गेली पाहिजे. त्याआधी डिझाइन दाखवून दुरुस्त्या, म्हणजे जुलै. म्हणजे निवड जूनच्या मध्यापर्यंत. एप्रिल-मेच्या वीस-पंचवीस लग्नांना हे जमवायचं तर जून-जुलै कुठे जायचं नाही, पाऊस बघत एडिटिंग.

एक छोटी युक्ती, अल्बम 12 बाय 36 इंचांचा मोठा द्याच, पण शेवटची दोन पानं वऱ्हाडाच्या ग्रुप फोटोंची ठेवा, घरात प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो.

12. गणपतीत

अल्बम शक्यतो हरतालिकेच्या आधी स्वतः नेऊन द्या, कुरियरने नको. मग सणात एकदा आरतीला जा, कॅमेरा न घेता. अल्बम कोण बघतंय, कुठल्या पानावर थांबतंय, कुठलं पान भराभर उलटलं जातंय ते नीट बघा, मी माझं डिझाइन तिथेच शिकलो. कार्डं वाटत फिरू नका, कोणी मागितलं तरच द्या, आणि तारीख विचारली तर तिथल्या तिथे हो म्हणू नका, डायरी घरी आहे म्हणून सांगा आणि मोदक खाऊन या.